धुकं हलकं, पानं जड

पावसाळ्यात मुळशीतल्या ताम्हिणी घाटात एकाच जागी उभं राहून दोन फोटो काढून बघा. एक समोरच्या दरीचा, दरी धुक्याने गच्च भरलेली असताना. दुसरा मागे वळून, रस्त्याकडेच्या कारवीचा, गवताचा आणि ओल्या कातळावर चढलेल्या शेवाळाचा. घरी आल्यावर दोन्ही फोटोंचे तपशील उघडा. फोन तोच, कॅमेरा तोच, लांबी-रुंदी अगदी सारखी. पण धुक्याचा फोटो दीड-दोन एमबीत मावलेला असतो आणि पानांचा सहा-सात एमबीच्या घरात गेलेला असतो.

ठिपके दोन्हींत तेवढेच आहेत, मग एक फोटो दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट जागा का खातो? हा प्रश्न मला पडला आणि त्याच्या मागे जाता जाता एक सुंदर गोष्ट हाती लागली. फोनची मेमरी का भरते, मुळशीत काढलेला फोटो क्लाउडवर कसा पोहोचतो, तिथली डिस्क बिघडली तरी तो शाबूत कसा राहतो, या सगळ्यांत एकच विचार काम करतो. जे ओळखता येतं ते साठवायचं नाही, पाठवायचंही नाही.

सुरुवात कॅमेऱ्यापासूनच होते. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४०३२ गुणिले ३०२४, म्हणजे १ कोटी २१ लाख ९२ हजार ७६८ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. एका आकड्याला एक बाइट धरला तर फोटो ३६ एमबीच्या पुढे जातो. पण सेन्सर हे सगळे आकडे मोजतच नाही. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव भागावर लाल आणि उरलेल्या पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक फोन तीच रचना किंवा तिचंच एखादं रूप वापरतात. माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे हिरव्याच्या आसपास सर्वांत चांगले कळतात, म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. आता हिशेब करा. हिरव्या गाळणीखालच्या ठिपक्याला लाल आणि निळा किती होता हे माहीतच नसतं. ते शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलं जातं. ‘जसंच्या तसं टिपलंय’ असं आपण ज्या फोटोबद्दल म्हणतो, त्यातले तीनपैकी दोन आकडे मोजलेले नसून ओळखलेले असतात. आणि ते इतके बरोबर ओळखलेले असतात की आषाढातल्या मुळशीच्या हिरव्याच्या पाच-पन्नास छटा आपण त्यात बोट ठेवून दाखवू शकतो.

मग त्या ३६ एमबीचे दोन किंवा सात एमबी होतात कसे? इथे एक नाव घ्यायलाच हवं, नासिर अहमद. जन्म बेंगळुरूचा, १९४० चा. अमेरिकेत कॅन्सास स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेवर काम करायला सरकारी अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच साधी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९९२ मध्ये आलेली जेपेग ही फोटो साठवण्याची पद्धत तिच्यावर उभी आहे, आणि तुमच्या गॅलरीतला जवळपास प्रत्येक फोटो त्या ‘साध्या’ कल्पनेच्या कोणत्या ना कोणत्या रूपातून गेलेला आहे.

कल्पना अशी. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. आपल्या बारा मेगापिक्सेलच्या फोटोत असे १ लाख ९० हजार ५१२ चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनात ६४ आकडे. ते तसेच न लिहिता चौकोनाची सरासरी उजळी किती, डावीकडून उजवीकडे उजेड हळूहळू किती बदलतो, मध्यम वेगाने किती, भराभर किती, अशा ६४ प्रमाणांत तीच माहिती लिहायची. आकडे पुन्हा ६४ च, पण आता त्यांची लहान-मोठी प्रतवारी लागलेली असते. हळू बदलाचे आकडे मोठे, भराभर बदलाचे बहुधा अगदी छोटे. डोळ्याला न जाणवणारे छोटे आकडे सरळ शून्य करून टाकायचे. आणि ओळीने चाळीस-पन्नास शून्यं आली की ‘इथून पुढे सगळी शून्यं’ एवढंच लिहायचं. रंगांच्या बाबतीत तर आणखी काटकसर चालते. डोळा उजेड बारकाईने बघतो, रंग ढोबळमानाने. त्यामुळे रंगाची माहिती बहुतेक वेळा चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

धुक्याच्या चौकोनात काय असतं? एक राखाडी उजळी आणि बाकी जवळपास काही नाही. चौसष्ट आकड्यांच्या जागी दोन-तीन उरतात. कारवीच्या पानांच्या चौकोनात मात्र पानाची धार आहे, शीर आहे, थेंब आहे, थेंबात उलटं आभाळ आहे. शून्य करावं असं फारसं काही सापडत नाही. म्हणून धुकं हलकं आणि पानं जड.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचं मोजमाप कसं करायचं याचा पाया घातला. त्यांच्या मते माहिती म्हणजे अनपेक्षितपणा. पुढचा ठिपका काय असेल हे आधीच सांगता येत असेल, तर तो ठिपका कळल्याने नवीन काहीच कळत नाही. मला हे वाक्य मुळशीत जितकं पटतं तितकं दुसरीकडे कुठे पटत नाही, कारण पावसाळ्यातलं हे खोरं अनपेक्षितपणाने ओसंडून वाहत असतं. अंधारबनच्या जंगलातला एखादा चौरस फूटही शेजारच्या फुटासारखा नसतो.

धबधब्याचा व्हिडिओ हा तर कळसच. व्हिडिओ लहान करण्याची सगळी युक्ती मागच्या चित्रावरून पुढचं ओळखण्यात आहे. खुर्चीत बसून कुणी बोलत असेल तर भिंत तीच, खुर्ची तीच, फक्त ओठ हलतात. मग तेवढाच बदल लिहायचा. म्हणून तर ४के व्हिडिओ मुळातल्या आकड्यांच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान होऊन फोनमध्ये बसतो. पण कोसळणाऱ्या पाण्यात मागच्या क्षणाचा एकही थेंब पुढच्या क्षणी जागेवर नसतो. ओळखायला काही उरतच नाही. फोन एका सेकंदाला ठरावीकच जागा देतो आणि त्या जागेत एवढा गोंधळ मावत नाही, तेव्हा तो बारकावे सोडून देतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या धबधब्यात पाण्याचा लगदा झालेला दिसतो आणि शेजारचा स्थिर कातळ मात्र स्वच्छ दिसतो, त्याचं कारण हेच.

रात्रीचे फोटोही जड का असतात हे इथेच उलगडतं. अंधारात सेन्सरला प्रकाश पुरत नाही, ठिपके आपापल्या मनाने थरथरतात, फोटोत रवाळपणा येतो. तो पूर्ण यादृच्छिक असतो, म्हणजे अजिबात ओळखता न येणारा. तळ्याकाठच्या तंबूत काढलेल्या फोटोत बाहेरचा काळोख साठवायला जागा लागते ती या रव्यामुळे. नवे फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतात आणि रवा घालवतात. त्यात फोटो देखणा होतो आणि हलकाही होतो.

आता हे आकडे जिथे जाऊन बसतात ती जागा बघू. १२८ जीबीच्या फोनमध्ये एक लाख कोटींहून जास्त बिट मावतात. सध्याच्या बहुतेक फोनमध्ये एका कप्प्यात तीन बिट ठेवतात असं धरलं, तर नखाएवढ्या तुकड्यावर सुमारे ३४ हजार कोटी कप्पे होतात. प्रत्येक कप्पा चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने बंद केलेला, आणि आत कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. किती कोंडलेत त्याच्या आठ पातळ्या, आणि त्या आठ पातळ्यांवरून तीन बिट वाचायचे. फोन बंद केला तरी ते इलेक्ट्रॉन तिथेच बसून राहतात. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी घडवली. आजीचा हसरा चेहरा म्हणजे या फोनच्या आत कोंडलेले इलेक्ट्रॉन, हे एकदा डोक्यात शिरलं की फोन हातात धरताना जरा जपूनच धरावासा वाटतो.

या मेमरीचा एक स्वभाव आहे. लिहिताना ती छोट्या तुकड्यात लिहू देते, पण पुसताना मोठा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो. गठ्ठ्यात थोडे फोटो नको झालेले आणि थोडे हवे असलेले असतील, तर हवे ते आधी दुसरीकडे हलवायचे, मग गठ्ठा पुसायचा. ही हलवाहलव फोन आपल्या नकळत सतत करत असतो. त्यासाठी त्याला मोकळी जागा लागते. मेमरी गळ्यापर्यंत भरली की हलवायला जागाच नाही, म्हणून फोन अडखळतो, हँग होतो, आणि नेमका इंद्रधनुष्य उमटलेल्या क्षणी कॅमेरा उघडत नाही. दहा टक्के तरी जागा मोकळी ठेवा, हा सल्ला यासाठी.

ती जागा मोकळी व्हायची तर फोटो कुठेतरी जायला हवेत. पौडच्या पुढे रेंज येते-जाते आणि ताम्हिणीत ती बहुतेक जागी नसतेच. गंमत अशी की याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे आणि तिथल्या इमारतींमधून जगभरासाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं. घाटात रेंज नसली तरी फोटोवर स्थळ आणि वेळ उमटते, कारण जीपीएसला टॉवर लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत फोन थेट ऐकतो. फोटो फोनमध्ये थांबून राहतात, आणि परतीच्या वाटेवर पिरंगूट, भूगावला रेंज नीट आली की फोन खिशात गरम होऊ लागतो.

तेव्हा आत काय चाललेलं असतं? फोन प्रत्येक फोटोचा एक ठसा काढतो. फोटोतले सगळे आकडे एका ठरावीक गणितातून घुसळून शेवटी एक संख्या काढायची. अशा गणितांपैकी एसएचए-२५६ हे सर्वांत परिचित. त्यातून निघू शकणाऱ्या वेगवेगळ्या संख्या जवळपास एकावर ७७ शून्यं इतक्या आहेत. फोटोतला एक ठिपका किंचित बदलला तरी ठसा पार बदलतो. हा फोटो आधीच वर गेलाय का, हे बघायला अख्खा फोटो पाठवावा लागत नाही, ठसा पुरतो. तो नसेल तर फोटो तुकड्यातुकड्याने, कुलूपबंद करून निघतो. मध्येच रेंज गेली तर काही बिघडत नाही. पुन्हा आली की फोन सर्व्हरला विचारतो, कुठपर्यंत पोहोचलं? आणि तिथून पुढे सुरू करतो. पोहोचलेलं पुन्हा पाठवायचं नाही.

टॉवरपासून पुढचा प्रवास जमिनीखालच्या काचेच्या तंतूंमधून, प्रकाशाच्या रूपाने होतो. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं आपल्याकडे आहेत. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गुगलचं मुंबईत २०१७ पासून, आणि मायक्रोसॉफ्टचं तर २०१५ पासून पुण्यातच. कुठला फोटो कुठल्या इमारतीत ठेवायचा ते कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं. तो मुंबईत असेल, सिंगापूरला असेल, किंवा दोन्हीकडे.

मुंबईचं नाव निघालं की मुळशीकराला भिरा आठवतो. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. तळ्याचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पश्चिमेकडच्या कड्याखाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरावर कोसळतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. एरवी हेच पाणी मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. भिऱ्याची वीज १९२७ पासून मुंबईला जाते आहे. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे अमुक सर्व्हर अमुक पाण्यावर चालतो असं वेगळं काढता येत नाही. पण मुळशीच्या तळ्याचा फोटो आणि मुळशीच्या तळ्याची वीज, दोन्ही घाट उतरून एकाच बाजूला जातात, हे मला विलक्षण वाटतं. या धरणाखाली पन्नासएक गावं गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्यात पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. त्या गावांची अंगणं, भातखाचरं, देवळांसमोरच्या दीपमाळा यांचे फोटो कोण काढणार होतं? कॅमेरा तेव्हा साहेबाच्या नाही तर सरदाराच्या हातात. आज त्याच पाण्याकाठी एका रविवारी निघणारे फोटो मोजता यायचे नाहीत.

डेटा सेंटरमध्ये रोज डिस्क बिघडतात. हजारोंनी डिस्क असल्या की ते होणारच. तरी फोटो हरवत नाही, याचं कारण घाटातल्या चहाच्या टपरीवर बघायला मिळतं. तिथे पैसे द्यायला चिकटवलेला क्यूआर कोड पावसाने भिजलेला, एका कोपऱ्यात फाटलेला असतो, तरी फोन तो वाचतो. इरव्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित त्यात आहे. त्याचं सर्वांत साधं रूप असं. मला ७ आणि ५ हे दोन आकडे जपायचे आहेत, तर मी तिसरीकडे त्यांची बेरीज १२ लिहून ठेवतो. तिघांपैकी कुठलाही एक गेला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. रीड आणि सॉलोमन यांनी हे कितीही तुकड्यांसाठी आणि कितीही हरवण्यासाठी करून दाखवलं. फेसबुकने २०१४ मध्ये आपली फोटो साठवण्याची एक पद्धत जाहीर केली होती. तीत दहा तुकड्यांना चार जास्तीचे तुकडे जोडून चौदा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवत. त्यांपैकी कुठलेही चार नष्ट झाले तरी उरलेल्या दहांवरून सगळं परत उभं राहतं. टपरीवरच्या फाटक्या कोपऱ्यात आणि अब्जावधी फोटोंच्या साठ्यात एकच विद्या आहे.

आता सिंककडे येऊ. माझ्या मते फोटो गमावणारी बहुतेक माणसं इथेच गमावतात. सर्व्हरकडे बदलांची एक ओळीने लावलेली नोंद असते. एक हजार एक्केचाळीस, नवा फोटो आला. एक हजार बेचाळीस, अमुक फोटो पुसला. तुमचा फोन, टॅब्लेट, घरचा कॉम्प्युटर, प्रत्येकजण फक्त एवढंच विचारतो, मी एक्केचाळीसपर्यंत पाहिलंय, पुढचं सांग. पुन्हा तोच विचार, माहीत असलेलं पाठवायचं नाही. त्यामुळे हजारो फोटोंची गॅलरी सगळीकडे काही सेकंदांत सारखी होते. पण याच गुणामुळे ‘पुसला’ ही नोंदही तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचते.

म्हणजे जागा मोकळी करायला गॅलरीतून फोटो डिलीट करणं आणि क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढून टाकणं, या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. गुगल फोटोजमध्ये दुसरीसाठी ‘फ्री अप स्पेस’ हा स्वतंत्र पर्याय आहे. वर गेलेल्या फोटोंनाच तो हात लावतो, न गेलेल्यांना नाही. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू केलं की मूळ फोटो वर जातात आणि फोनमध्ये छोट्या प्रती उरतात. गुगल फोटोजमध्ये किंवा आयक्लाउड चालू असलेल्या आयफोनवर साधं डिलीट दाबलं, तर फोटो फोनमधूनही जातो आणि वरूनही. तो काही दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून असतो, बॅकअप झालेला फोटो गुगलकडे ६० दिवस आणि ॲपलकडे साधारण ३०. नंतर रीड आणि सॉलोमनही काही करू शकत नाहीत. एवढं जबरदस्त गणित डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. आपल्याच अंगठ्यापासून वाचवणं त्याच्या हाती नाही.

फोनमध्ये मूळ फोटो आहे की नुसती छोटी प्रत, हे तपासायची एक सोपी रीत आहे. एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद करा, फोटो उघडा आणि दोन बोटांनी मोठा करा. पानांच्या शिरा दिसल्या तर मूळ फोटो फोनमध्येच आहे. सगळं पुसट राहिलं तर मूळ दूर कुठेतरी आहे.

वरची जागाही फुकट नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधला जवळपास प्रत्येक नवा फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरला जातो, आणि त्या १५ जीबीत ईमेल आणि ड्राइव्हही येतात. ॲपल ५ जीबी देतं. चार एमबीचा एक फोटो धरला तर १५ जीबीत पावणेचार हजार फोटो. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ४के व्हिडिओचं एक मिनिट १७० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे चाळीसएक फोटोंची जागा. म्हणून साफसफाईला बसलात तर फोटोंपासून सुरू करू नका. व्हिडिओ आकाराप्रमाणे लावा आणि वरच्या दहांकडे बघा. खिशात चालू राहिलेला कॅमेरा, वाऱ्याच्या आवाजात काहीच ऐकू न येणारी चार मिनिटं, असं बरंच निघतं. अर्ध्या तासात जेवढी जागा मिळते तेवढी शेकडो फोटो पुसूनही मिळत नाही.

गुगलचा ‘स्टोरेज सेव्हर’ वापरावा का, असं लोक विचारतात. तो फोटो १६ मेगापिक्सेलच्या आत आणि व्हिडिओ १०८०च्या आत आणून थोडे दाबतो. धुक्यासाठी, सहलीतल्या जेवणाच्या ताटांसाठी, पावत्यांसाठी खुशाल वापरा. घरातल्या माणसांसाठी मी मूळ दर्जाच ठेवतो. आणि व्हॉट्सॲपला फोटोंचं कपाट समजू नका. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लांब बाजूने सुमारे १६०० ठिपक्यांवर येतो, म्हणजे बारा मेगापिक्सेलचा सहावा हिस्साही उरत नाही, आणि स्थळ-वेळेची आतली नोंदही पुसली जाते. ग्रुपवर फोटो टाकले म्हणून मूळ काढून टाकणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. जपायचा फोटो पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो.

आणि मग उरतं ते खरं काम. एकाच धबधब्याचे अकरा फोटो. यंत्राला ते अकरा वेगळे फोटो आहेत. अकरांचे ठसे वेगळे, थेंब वेगळे, पानं वेगळी हललेली. यंत्राचा अंदाज ठिपक्यांपुरता चालतो. त्या अकरांत नवं काहीच नाही, हे फक्त तुम्हाला कळतं. उलट भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या आईचा, पाऊस लेन्सवर पडल्याने निम्मा पुसट झालेला फोटो. यंत्राच्या लेखी त्यात माहिती कमी, फाइल छोटी, दर्जा वाईट. काही ॲप तर ‘हा फोटो अस्पष्ट आहे, काढून टाकू?’ असं आपणहून सुचवतात. अशा सूचना आल्या की प्रत्येक फोटो उघडून बघा. ‘सगळे निवडा’ हे बटण दाबू नका.

शेवटची गोष्ट दुसऱ्या प्रतीची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या, आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची हजारो रिळं जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे होती ते चित्रपट राहिले. ज्यांची नव्हती ते गेले. क्लाउड कंपनी डिस्कच्या बिघाडाविरुद्ध कितीही प्रती ठेवो, तुमचं खातं एकच असतं. पासवर्ड विसरला, खातं बंद पडलं, तर सगळं एकदम जातं. गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं मिटवू शकतं, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांच्या बाबतीत लक्षात ठेवायला हवं. म्हणून एक प्रत घरी, हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्ह त्यासाठी नको. त्यातही तेच कोंडलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले तर ते हळूहळू निसटतात. हार्ड डिस्कही नुसती ठेवून द्यायची वस्तू नाही. आमच्याकडे ती दिवाळीच्या आवराआवरीत कॉम्प्युटरला जोडली जाते. त्या दिवशी वर्षभराचे फोटो तिच्यावर उतरतात, आणि जुन्या फोल्डरांमधले कुठलेही दहा-वीस फोटो उघडून ते अजून नीट उघडतात ना, हे मुलं बघतात.